गर्डर आणि खांब यांच्या मधली जागा

कारखान्यातून नुकतंच बाहेर पडलेलं, अजून एकाही ट्रकचं ओझं न पेललेलं पुलाचं बेअरिंग करवतीखाली धरायचं आणि मधोमध कापायचं. काळ्या नियोप्रीन रबराच्या आत दडलेल्या पोलादी पट्ट्या मग उघड्या पडतात. त्या एकमेकींना समांतर आहेत का, दोन पट्ट्यांमधला रबराचा थर सगळीकडे सारखा आहे का, कडेला 6 मिलिमीटरचं आवरण सांगितलंय ते खरंच तेवढं आहे का, हे मोजायचं. रबराचा एक तुकडा भट्टीत जाळायचा आणि मागे उरलेली राख तोलायची. राख वजनाच्या 5 टक्क्यांपेक्षा जास्त भरली, तर रबरात खडू किंवा मातीसारखी स्वस्त भर घातली असं समजायचं आणि लॉट नाकारायचा.

पुलावर कधीच न चढणाऱ्या या बेअरिंगचे पैसे कोणी द्यायचे, यावरून बहुतेक कामांवर वाद होतो. हिंगणघाटला स्थायिक झालेल्या एका निवृत्त उपअभियंत्यांनी हा वाद नोकरीभर घातला. सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांची उमेदीची वर्षं वर्धा जिल्ह्यातच गेली. कंत्राटदार म्हणायचा, चांगला माल कापून कशाला फुकट घालवायचा? ते शांतपणे भारतीय रस्ते काँग्रेसचं मानक उघडून दाखवायचे. मोठ्या लॉटमागे दोन बेअरिंगं जास्तीची बनवून घ्यायची आणि ती चाचणीत खर्ची घालायची, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. वाद तिथे संपायचा.

त्यांच्या मनातला प्रश्न मात्र तिथे सुरू व्हायचा. कापलेलं बेअरिंग एवढंच सांगतं, की वस्तू चांगली बनली आहे. पुलाखाली गेल्यावर ती चांगली वागेल का, हे त्या कापातून कळत नाही. वस्तूची परीक्षा होते, तिच्या नांदण्याची होत नाही. मानकं सुधारायची असतील तर ती इथून सुधारली पाहिजेत, हे त्यांचं म्हणणं. ते कसं पक्कं होत गेलं, त्याची ही हकिगत.

वर्धा जिल्हा लहान, पण रस्त्यांनी चहूबाजूंनी विणलेला. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44, म्हणजे जुना 7 नंबरचा, जामच्या चौरस्त्यावरून हिंगणघाटला वणा नदीवर येतो, पुढे वडनेर, पोहणा करत वर्धा नदी ओलांडतो आणि यवतमाळ जिल्ह्यात शिरतो. उत्तरेला कारंजा (घाडगे) आणि तळेगाववरून जुना 6 नंबर, आताचा 53, अमरावतीकडे धावतो. बुटीबोरीहून तुळजापूरकडे निघालेला 361 वर्धा आणि देवळीवरून जातो. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी खुला झालेला समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून सुमारे 58 किलोमीटर जातो. वर्धा, वणा, धाम, बोर, यशोदा या नद्या आणि त्यांना मिळणारे असंख्य नाले. म्हणजे पूलच पूल. आणि प्रत्येक पुलाच्या गर्डरखाली, खांबाच्या डोक्यावर, रस्त्यावरून कधीच न दिसणारी बेअरिंगं.

या जिल्ह्याचं ऊन बेअरिंगचा खरा परीक्षक आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, जानेवारीतल्या पहाटे तो 10 अंशांच्या आसपास उतरतो. काँक्रीट हवेइतकं चटकन तापत नाही आणि निवतही नाही, तरी वर्षभरात गर्डरच्या सरासरी तापमानात 35 अंशांचा फरक धरायला हरकत नाही. एका अंशाला काँक्रीट आपल्या लांबीच्या दहा लाखांत 12 भाग इतकं वाढतं. 40 मीटरच्या गर्डरला हा हिशेब लावला तर 17 मिलिमीटर येतात. त्यात काँक्रीट सुकताना होणारं आकुंचन आणि प्रीस्ट्रेसमुळे वर्षानुवर्षं चालू राहणारी आवळण मिळवा. ही दोन्ही एकाच दिशेनं जातात, उन्हाळा आला म्हणून परत येत नाहीत.

एवढी हालचाल कुठेतरी जिरली पाहिजे. ती अडली तर गर्डर खांबाच्या डोक्याला ढकलतो, आणि शेकडो टनांच्या बांधकामाला थोपवून धरणं खांबाला परवडत नाही. शिवाय प्रत्येक ट्रक गाळ्याच्या मध्यावर आला की गर्डर किंचित वाकतो आणि त्याचं टोक बेअरिंगवर कलतं; ट्रक गेला की सरळ होतं. दिवसरात्र, हजारो वेळा. ओझं खाली पोहोचवायचं, सरकू द्यायचं आणि कलू द्यायचं ही तीन कामं एकाच वेळी त्या वीतभर उंचीच्या ठोकळ्यानं करायची असतात.

नुसतं रबर ठेवलं तर ते कणकेच्या गोळ्यासारखं दाबाखाली बाजूनं पसरतं. फ्रेंच अभियंता युजीन फ्रेसिने यानं 1954 मध्ये त्यावर उपाय काढला: रबराच्या पातळ थरांमध्ये पोलादी पत्रे चिकटवायचे. पत्रे रबराला बाजूनं पसरू देत नाहीत, पण आडवं सरकण्याची मुभा तशीच राहते. त्याच्याही आधी, 1889 मध्ये, मेलबर्नच्या रेल्वे पुलाखाली नैसर्गिक रबराच्या साध्या गाद्या घातल्या होत्या. कित्येक दशकांनंतर त्या तपासल्या तेव्हा हवेनं खराब झालेला भाग वरच्या पातळ सालीपुरताच निघाला. ही हकिगत उपअभियंते तरुण सहकाऱ्यांना मुद्दाम सांगत. चांगलं रबर माणसाच्या आयुष्याहून जास्त टिकू शकतं. आपल्याकडे ते टिकत नसेल, तर कारण रबरात शोधायचं की आपल्यात, हे ठरवावं लागेल.

ते नोकरीला लागले तेव्हा जुन्या मोठ्या पुलांवर रॉकर-रोलरचं राज्य होतं. एका टोकाला पोलादी रॉकर, दुसऱ्या टोकाला पोलादी रोलर. गर्डर वाढला की रोलर फिरायचा. कागदावर यासारखी सोपी योजना नाही. प्रत्यक्षात पिअर कॅपवर, म्हणजे खांबाच्या माथ्यावर, चढलं की वेगळंच दिसायचं. वरच्या एक्सपान्शन जॉइंटचं रबर फाटलेलं, त्यातून पावसाचं पाणी, डांबराची खडी, मातीचा चिखल थेट रोलरवर. त्यावर पारव्यांची घरटी आणि विष्ठा. ग्रीसचा डबा शेवटी कधी उघडला, ते कोणालाच आठवत नसे. रोलर गंजून जागीच धरलेला, आणि गर्डर मात्र दर उन्हाळ्यात सरकायला बघतोय. अशा पुलाच्या खांबाच्या डोक्यावर, बेअरिंग ज्यावर बसतं त्या पेडेस्टलच्या कोपऱ्यात, तिरकी चीर हमखास सापडे. वरून जाणाऱ्या वाहनाला काही कळत नाही.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. अमेरिकेत पिट्सबर्गच्या बर्मिंगहॅम पुलाचा एक गाळा 8 फेब्रुवारी 2008 ला रॉकर कलंडल्यामुळे सुमारे आठ इंच खाली बसला. त्याआधी 2005 च्या जुलैत न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीला असाच प्रकार घडून गेला होता. उंच रॉकर एकदा ठरलेल्या मर्यादेपलीकडे कलला की तो परत उभा राहत नाही. दोन्ही ठिकाणी पोलाद तुटलं नव्हतं. वस्तू शाबूत होती, तिची बैठक बिघडली होती.

आपल्या देशातली मानकं कशी घडली, हे वर्ध्याच्या माणसानं अभिमानानं वाचावं असं आहे. रस्त्यांच्या विकासाचा विचार करायला 1927 मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर. त्या समितीच्या प्रयत्नांतून पुढे डिसेंबर 1934 मध्ये भारतीय रस्ते काँग्रेस स्थापन झाली आणि 1937 मध्ये पुलांची पहिली संहिता छापली गेली. देशभरातल्या मुख्य अभियंत्यांनी 1943 मध्ये रस्त्यांची वीस वर्षांची योजना आखली ती नागपुरात, वर्ध्यापासून अवघ्या पाऊणशे किलोमीटरवर. ती ‘नागपूर योजना’ म्हणूनच ओळखली जाते.

बेअरिंगांचं स्वतंत्र मानक, क्रमांक 83, मात्र तुकड्यातुकड्यानं आलं. पहिला भाग धातूच्या बेअरिंगांचा, 1982 चा. दुसरा नियोप्रीनच्या बेअरिंगांचा, 1987 चा. पॉट बेअरिंगांचा तिसरा भाग 2002 मध्ये निघाला. तोवर लांब गाळ्यांच्या पुलांसाठी ब्रिटिश मानकाचा आधार घेऊन काम भागवलं जाई. गोलाकार आणि दंडगोल बेअरिंगांचा चौथा भाग 2014 चा. दुसऱ्या भागाची पुढे दोनदा फेररचना होऊन 2018 ची आवृत्ती आली आणि ती युरोपातल्या विचाराच्या बरीच जवळ गेली: ओझं, सरकणं आणि कलणं यांमुळे रबरात पडणारे ताण वेगवेगळे न तपासता त्यांची बेरीज तपासायची. उपअभियंत्यांच्या मते पुस्तकातली ही सगळ्यात मोलाची सुधारणा. कारण पुलाखाली ही तिन्ही संकटं पाळीपाळीनं येत नाहीत. मे महिन्यात भर दुपारी, रबर आधीच एका बाजूला ताणलेलं असताना, त्याच्यावरून कापसाच्या गाठी लादलेला ट्रेलर जातो.

ओझ्याचीही एक बाजू आहे. 2018 च्या जुलैत केंद्र सरकारनं मालवाहू वाहनांच्या अक्षभाराची मर्यादा वाढवली. चार चाकांच्या एका अक्षाला 10.2 टनांऐवजी 11.5 टन चालू लागले. पूल ज्या 70-आर या मानक भारासाठी आखतात तो याहून कितीतरी मोठा, तेव्हा पूल लगेच कमजोर ठरत नाहीत. पण बेअरिंगच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा भार कधीतरी एकदा येणं वेगळं आणि बऱ्यापैकी मोठा भार रोज शेकडो वेळा येणं वेगळं. त्याचं कलणं-सरळ होणं मोजायला हवं. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी थर दिलेल्या रबरी बेअरिंगांना दाबाखाली ठेवून हजारो वेळा कलतं केलं आणि पोलादी पत्र्याच्या कडेपासून रबर कसं सुटत जातं ते टिपलं. 2008 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानं तिथल्या संहितेतले नियम बदलले. आपल्याकडे स्वीकृतीच्या वेळी बेअरिंग मुख्यतः सरळ दाबून आणि सरकवून पाहतात. वारंवार कलवून पाहण्याची चाचणी प्रत्येक लॉटला करणं कोणालाच परवडणार नाही, हे उपअभियंतेही मान्य करतात. पण प्रत्येक कारखान्याच्या प्रत्येक नमुन्याला ती एकदा तरी व्हायला हवी आणि तिचा कागद निविदेसोबत मागायला हवा, यावर ते ठाम आहेत.

रबर म्हातारं कसं होतं हे पाहण्याची चाचणी मानकात आहे. नियोप्रीनचा नमुना 100 अंश सेल्सिअसला 70 तास ठेवायचा, मग त्याचा कडकपणा किती वाढला आणि ताणण्याची ताकद किती उतरली ते मोजायचं. चाचणी चांगली. पण ती होते बाजूला बनवलेल्या पातळ पट्टीवर किंवा कापून काढलेल्या तुकड्यावर. खरं बेअरिंग जाड असतं. साच्यात शिजवताना बाहेरचा भाग पुरता शिजतो आणि गाभा कच्चा राहू शकतो. म्हणून नमुना गाभ्यातून घ्या, हा उपअभियंत्यांचा हट्ट असे. एका कामावर बेअरिंगच्या मधल्या थराचं रबर कडेच्या रबरापेक्षा मऊ निघालं होतं. कागदावर सगळं उत्तीर्ण होतं. त्यांनी तो लॉट घेतला नाही, आणि काम काही आठवडे थांबल्याचा राग वरपासून खालपर्यंत सगळ्यांचा सोसला.

पण कारखान्यातल्या दोषांपेक्षा बसवतानाचे दोष त्यांनी जास्त पाहिले. पेडेस्टलचा माथा आरशासारखा सपाट आणि पाणसळीत हवा. तो कुठे उंच, कुठे खोल राहिला की बेअरिंगच्या अर्ध्याच भागावर ओझं येतं. मिस्त्री अनुभवी असे, कामात हात पक्का असे, पण इमारतीच्या कामाची सवय मोडत नसे. “काहून एवढं मोजता साहेब? गर्डर बसला की आपोआप दबून बसते न जी ते,” असं एकानं त्यांना मोकळेपणानं विचारलं. त्यांनी त्याला खाली बसवून कागदावर चित्र काढून दाखवलं: ओझं एका कडेला गेलं की तिथला पत्रा वाकतो, रबर सुटतं, मग पेडेस्टलचा कोपरा चुरतो. पुढच्या कामावर तोच मिस्त्री स्वतः पट्टी घेऊन प्रत्येक पेडेस्टल दोन्ही दिशांनी तपासत होता आणि दुसऱ्यांना शिकवत होता. मानक छापलं म्हणजे ते पोहोचलं असं होत नाही. ज्याच्या हातात थापी आहे त्याच्यापर्यंत ते त्याच्या भाषेत गेलं पाहिजे, आणि हे काम आपल्या राज्यात फार तोकडं झालं आहे.

पॉट बेअरिंगची गोष्ट आणखी नाजूक. पोलादी भांड्यात कोंडलेलं रबर प्रचंड दाबाखाली जवळजवळ द्रवासारखं वागतं आणि वरच्या पिस्टनला हवं तसं कलू देतं. बाहेर निसटू नये म्हणून कडेला पितळी कडी. सरकण्यासाठी वर पीटीएफई या निसरड्या प्लास्टिकचा थर आणि त्यावर गुळगुळीत स्टेनलेस पत्रा. वाहतुकीत हे भाग हलू नयेत म्हणून बाहेरून क्लॅम्प आणि बोल्ट लावलेले असतात. गर्डर जागेवर बसून ग्राउट पक्कं झालं की ते काढायचे असतात. रस्ता खुला होऊन बराच काळ लोटलेल्या एका पुलाखाली उपअभियंत्यांना ते तसेच, रंग मारलेले सापडले. म्हणजे सरकण्यासाठी भरपूर पैसे मोजून घेतलेलं बेअरिंग बांधून ठेवलेलं. कोणत्या बेअरिंगनं कोणत्या दिशेनं सरकायचं, याचा बाण वरच्या पत्र्यावर असतो. तोही वळणावरच्या पुलात काटकोनात फिरलेला त्यांनी पाहिला आहे. यातली एकही गोष्ट प्रयोगशाळेच्या दाखल्यात दिसत नाही.

दिल्लीचा धडा याच जातीचा. विमानतळाकडे जाणारी मेट्रोची मार्गिका फेब्रुवारी 2011 मध्ये सुरू झाली आणि जुलै 2012 मध्ये बंद करावी लागली. बेअरिंगं, त्यांच्याखालचं ग्राउट आणि गर्डर यांच्यातले दोष तपासून दुरुस्त करण्यात अर्धं वर्ष गेलं. जानेवारी 2013 मध्ये गाड्या पुन्हा धावू लागल्या तेव्हा त्यांचा वेग सुरुवातीला ताशी 50 किलोमीटरवर बांधून घातला होता. देशातल्या आधुनिक मार्गांपैकी एक, आणि अडला तो गर्डर आणि खांब यांच्या मधल्या वीतभर जागेत.

त्याहून जड धडा गुजरातेतला आहे. वडोदरा आणि आणंद जिल्ह्यांना जोडणारा मही नदीवरचा गंभीरा पूल 1985 चा. 9 जुलै 2025 च्या सकाळी त्याचा गाळा कोसळला, वाहनं नदीत गेली आणि किमान वीस माणसांचा जीव गेला. पेडेस्टल आणि सांधा चुरडल्यामुळे हे झालं, असा प्राथमिक निष्कर्ष तिथल्या सरकारनं जाहीर केला. ती बातमी वाचल्यावर उपअभियंत्यांनी ओळखीच्या शाखा अभियंत्यांना एकेक करून फोन लावले. आपल्या ताब्यातल्या पुलांच्या पिअर कॅपवर चढून पेडेस्टल पाहा, खालून दुर्बिणीनं पाहून समाधान मानू नका, एवढंच ते सांगत होते. महाराष्ट्रात महाडजवळ सावित्रीवरचा पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री वाहून गेला, त्यानंतर राज्यात पुलांच्या तपासणीची लाट आली होती. तो दगडी कमानीचा ब्रिटिशकालीन पूल, त्याला बेअरिंग नव्हतंच. त्या वेळच्या तपासण्यांत लोकांचं लक्ष पाया, कमानी आणि पाण्याच्या पातळीकडे गेलं, ते योग्यच होतं. पण बेअरिंगांकडे बघायची सवय त्यातून लागली नाही.

बघायचं म्हटलं तर चढायचं कसं, हा पहिलाच अडसर. वर्धा नदीवरच्या पुलाचे खांब उंच. पिअर कॅपपर्यंत जाणारी शिडी नाही, वर उभं राहायला कठडा नाही. पुलावरून खाली हात घालणारी तपासणीची गाडी मागवायची तर ती लांबून येणार. आणि वर पोहोचलंच, तर गर्डरच्या तळाशी आणि कॅपमध्ये हात जेमतेम जाईल एवढी फट. तिथे जॅक बसवायला जागा कुठून असणार?

इथे संकल्पचित्राचा मुद्दा येतो, आणि उपअभियंते यावर सगळ्यात आवेशानं बोलतात. पूल शंभर वर्षांसाठी आखायचा, हे आता आपल्या मानकात आहे. नियोप्रीनच्या बेअरिंगचं आयुष्य साधारणपणे दोन-तीन दशकांचं धरतात. मग त्या शंभर वर्षांत बेअरिंग तीन-चार वेळा तरी बदलावं लागणार, हे पहिल्याच दिवशी माहीत असतं. तरीही जुन्या नकाशांत गर्डर उचलायचा कुठून, जॅक ठेवायचा कशावर, त्या जागी काँक्रीटमध्ये जादा लोखंड आहे का, यातलं काहीच नसे. आता पूल उचलण्याची तरतूद दाखवण्याची पद्धत रुळते आहे. पण नकाशावरचा जॅकचा चौकोन आणि प्रत्यक्षात तिथे जॅक शिरणं यांत फरक असतो. म्हणून त्यांनी एक सवय लावून घेतली होती: पिअर कॅपचं शटरिंग उभं राहिलं की जॅकच्या मापाचा लाकडी ठोकळा नेऊन त्या जागी ठेवून पाहायचा. शिरला तर काँक्रीटला परवानगी.

ही तरतूद नसली की काय होतं, ते मुंबईनं अनुभवलं आहे. सायनचा उड्डाणपूल 2020 च्या फेब्रुवारीपासून टप्प्याटप्प्यानं बंद ठेवून त्याची सुमारे 170 बेअरिंगं बदलण्यात आली. त्याआधी 2018 च्या उन्हाळ्यापासून पावसाळा सरेपर्यंत मुंब्रा बायपास दुरुस्तीसाठी बंद होता, त्यातही बेअरिंगं बदलण्याचं काम होतं, आणि ठाणे-कल्याणकडच्या लोकांनी कोंडीत महिने काढले. गाळा उचलायचा तो फक्त काही मिलिमीटर. पण सगळे जॅक एकाच वेळी, एकाच मापानं वर गेले पाहिजेत, नाहीतर स्लॅबला पीळ बसतो. महानगरात निदान पर्यायी रस्ते असतात. पोहण्याजवळ वर्धा नदीवरचा पूल असा बंद ठेवायचा म्हटलं, तर हैदराबादच्या दिशेची सारी मालवाहतूक कुठून वळवणार?

पुराचा विचारही मानकाच्या चौकटीत नीट बसलेला नाही. 2022 च्या पावसाळ्यात वणा आणि वर्धा या दोन्ही नद्यांनी हिंगणघाट भागाला झोडपून काढलं. पाणी ओसरलं की बातमी संपते, पण कमी उंचीच्या पुलांच्या कॅपवर काळ्या मातीचा गाळ, पऱ्हाट्या आणि काटक्या बेअरिंगांभोवती घट्ट बसतात आणि उन्हात विटेसारख्या टणक होतात. सरकण्याची जागाच भरून जाते. पूर येऊन गेला की बेअरिंगांची जागा पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन काढणं, हे नालेसफाईइतकंच नेमाचं काम व्हायला हवं. त्याचा खर्च फारसा नाही. अंदाजपत्रकात त्याची ओळ नसते, म्हणून ते होत नाही.

भूकंपाच्या नकाशात वर्धा जिल्हा सौम्य पट्ट्यात आहे. तरी 1993 चं किल्लारी आणि 1997 चं जबलपूर आठवणाऱ्या अभियंत्याला निव्वळ नकाशावर विसंबणं जड जातं. 2001 च्या भुज भूकंपात सुरजबारीच्या पुलाची बेअरिंगं निखळली, गाळे जागचे हलले. गर्डर बेअरिंगवरून घसरला तरी खांबावरून पडू नये, यासाठी लागणारे स्टॉपर आणि कॅपची पुरेशी रुंदी आता मानकात सक्तीची झाली आहे. ही सुधारणा पुरातही उपयोगी पडते, कारण वाहत्या पाण्याचा आणि अडकलेल्या ओंडक्यांचा रेटाही आडवाच असतो.

उपअभियंत्यांची शेवटची मागणी कागदाची आहे. केंद्र सरकारनं 2016 च्या ऑक्टोबरात पुलांच्या व्यवस्थापनाची देशव्यापी यंत्रणा सुरू केली आणि प्रत्येक पुलाला स्वतःचा क्रमांक मिळू लागला. बेअरिंगला तसा क्रमांक नाही. कारखान्याच्या चाचणीचे कागद बांधकामाच्या फायलीत राहतात, काम संपलं की फाईल कपाटात, आणि विभागाचं कार्यालय हललं की ती कुठे गेली ते सापडत नाही. वीस वर्षांनी बेअरिंग फुगलेलं दिसलं, तर ते मुळात किती उंच होतं, कोणत्या लॉटचं, त्याच लॉटची भावंडं आणखी कोणत्या पुलांखाली आहेत, याचं उत्तर कोणाकडेच नसतं. एका लॉटमध्ये दोष निघाला तर जिल्ह्यातली तशी सगळी बेअरिंगं एका दिवसात शोधून काढता आली पाहिजेत. मोटारींच्या कंपन्या हे करतात, औषधांच्या बाबतीत होतं. मग पुलाच्या बाबतीत का नाही?

त्यांनी स्वतःपुरतं उत्तर तयार केलं. एका पानाचा तक्ता: बेअरिंगचा क्रमांक, लॉट, बसवल्याची तारीख, त्या वेळचं तापमान, चारी कोपऱ्यांवरची उंची, गर्डर कोणत्या बाजूला किती सरकलेला, क्लॅम्प काढल्याची सही. त्यानंतर दरवर्षी दोन मापं, एक मे महिन्यात, एक डिसेंबरात, कारण दोन टोकांमधला फरकच बेअरिंग जिवंत आहे की जाम झालं आहे ते सांगतो. फरक हिशेबाजवळ आला तर ठीक. फरकच पडला नाही, तर बेअरिंग सरकत नाही. या चाचणीला यंत्र लागत नाही. पट्टी, थर्मामीटर आणि वर्षातले दोन दिवस लागतात. दहा कोटींच्या पुलाची जी परीक्षा प्रयोगशाळेला घेता येत नाही, ती वर्ध्याचं हवामान फुकट घेऊन देतं; आपण फक्त निकाल लिहून ठेवायचा.

निवृत्तीनंतर हा तक्ता त्यांनी जिल्ह्यातल्या काही तरुण अभियंत्यांना दिला. सेवाग्रामच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुलं प्रकल्पासाठी विचारायला येतात, त्यांनाही देतात. देखभालीच्या कोणत्याही आदेशात तो अजून नाही. एका शाखा अभियंत्यानं मात्र आपल्याकडच्या एका पुलावर प्रत्येक पेडेस्टलला क्रमांकाची स्टीलची पट्टी ठोकून घेतली आणि मे महिन्याचं पहिलं माप नोंदवलं. ते माप त्यानं मचाण बांधून घेतलं, आणि मचाणाचा खर्च दर वेळी मंजूर होणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. म्हणून पिअर कॅपवर कायमची लोखंडी शिडी आणि कठडा बसवण्याचा प्रस्ताव त्यानं अंदाजपत्रकासह विभागाकडे पाठवला आहे. डिसेंबरच्या मापाआधी तो मंजूर व्हावा, म्हणून उपअभियंते स्वतः वर्ध्याला जाऊन पाठपुरावा करत आहेत.